रेवाच्या पुड्या

“आणि ह्या गोळ्या कुणी दिल्या?” डॉक्टर काझींनी विचारलं.

“मेडिकलवाल्यानं.”

“मेडिकलवाल्यानं!” त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मी आणलेले सगळे कागद त्यांनी टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले होते. “पायाला काच लागली, म्हणून तीन आठवडे अँटिबायोटिक. त्यानं जुलाब सुरू झाले, म्हणून पिवळ्या गोळ्या पाच दिवस, त्याही अँटिबायोटिकच. बरं वाटलं. आठ दिवसांनी परत जुलाब, परत पिवळ्या गोळ्या. परत बरं वाटलं, परत जुलाब. मग मेडिकलवाला. अहो, ह्या कुत्रीनं तुमचं काय वाईट केलंय?”

रेवा टेबलाखाली माझ्या बुटांवर हनुवटी टेकून पडली होती. पिवळी लॅब्रडॉर, साडेतीन वर्षांची. कागदोपत्री ती ‘श्वान रेवा, स्फोटक शोधक’ होती आणि मी तिची हँडलर, पोलीस शिपाई ललिता तिडके. आमच्या जिल्ह्याच्या श्वान पथकातली पहिली बाई हँडलर. नऊ महिने पुण्याला आम्ही दोघी एकत्र प्रशिक्षण घेऊन आलो होतो. आता ह्या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण त्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेली मी अजून मला दिसते. घामेजलेली, चिडलेली आणि मनातून पार घाबरलेली.

घाबरण्याचं कारण बसस्टँडवर घडलं होतं. दर महिन्याला तिथं तपासणीची तालीम व्हायची. स्फोटकाचा वास लागला की रेवानं भुंकायचं नाही, उकरायचं नाही, त्या वस्तूपाशी नुसतं खाली बसायचं, असं तिचं शिक्षण. त्या दिवशी अधीक्षक साहेब स्वतः पाहायला आले होते. रेवा बाकांच्या रांगेतून हुंगत निघाली आणि फलाट तीनवर एका निळ्या सुटकेसपाशी खाली बसली. शिट्ट्या वाजल्या. पाच मिनिटांत सगळा स्टँड रिकामा. एसटीतून माणसं उतरवली. ज्याची सुटकेस तो म्हातारा रडकुंडीला आला. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की रेवा नीट बसलेली नव्हती. बिचारीला आवरलं नव्हतं.

लोक हसले. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या पथकाचे उपनिरीक्षक लोमटे साहेब मला म्हणाले, “तिडके, ह्या कुत्रीच्या बसण्यावर माझा विश्वास राहिला नाही, तर ती मला काय कामाची? अठ्ठावीस तारखेला वरून मंडळ येतंय चाचणीला. तिथं असं झालं तर सेवेतून कमी. मग तिला कुणी घरी नेलं तर नेलं.”

म्हणून मी काझी डॉक्टरांकडे आले होते. ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नुकतेच बदलून आले होते. तोंडानं फटकळ, पण जनावराच्या अंगाला हात लावायच्या आधी हात चोळून गरम करायचे, हे मी पाहिलं होतं.

“पोलीस आहात ना?” ते म्हणाले. “मग तुमच्या भाषेत सांगतो. गल्लीत चार गुंड शिरले. तुम्ही काय केलं? सरसकट लाठीमार. गुंड पळाले, बरोबर. पण किराणावाला, दूधवाला, शाळेची पोरं, सगळेच पळाले. आता गल्ली ओस पडलीय. ओस गल्लीत कोण येऊन बसतं?”

“गुंड.”

“मग तुम्ही परत लाठीमार करता. हिच्या आतड्यात चांगले जंतू असतात, कोट्यवधी. अन्न पचवणं, वाईट जंतूंना थारा न देणं हे त्यांचं काम. ते तुम्ही चार वेळा मारलेत.” त्यांनी खणातून चकचकीत पुड्यांचा एक डबा काढला. “ह्याला सिनबायोटिक म्हणतात. ह्यात ते चांगले जंतू आहेत, आणि त्यांना जगायला लागतो तो शिधाही आहे, एका मुळाच्या तंतूंचा. नुसते दुकानदार परत आणून भागत नाही, त्यांनी टिकायला पाहिजे. रोज सकाळी एक पुडी, गार झालेल्या खाण्यात. गरम खाण्यात टाकलीत तर ते मरतील. खायला मऊ भात, उकडलेली कोंबडी, लाल भोपळा. बाकी काहीही नाही. बिस्कीट नाही, दूध नाही. आणि अँटिबायोटिक तर अजिबात नाही.”

“किती दिवस?”

“सहा आठवडे.”

“डॉक्टर, अठ्ठावीस तारखेला मंडळ आहे. आज पाच.”

“मग मंडळाला सांगा आतड्याशी बोलायला.” ते उठले. “पहिल्या आठवड्यात गुबारा धरेल, कदाचित थोडं बिघडेलही. घाबरायचं नाही. मध्ये हात घालायचा नाही. जमेल?”

“जमेल,” मी म्हणाले.

प्रत्येक कुत्र्याला दोन हँडलर असतात. रेवाचे दुसरे हँडलर होते हवालदार निवृत्ती खरात. वय छप्पन्न, पोट सुटलेलं, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पथकातल्या चारही कुत्र्यांशी ते घरच्या लेकरांशी बोलावं तसं बोलायचे आणि त्यांचे लाड करायचे. लाड म्हणजे खाणं. खिशात कायम ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा.

मी दवाखान्यातून आले ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिले.

“मामा, आजपासून रेवाला एक कणही बाहेरचा द्यायचा नाही.”

“बरं.”

“बिस्कीट नाही.”

“बरं म्हणलं ना.”

“तुम्ही बरं म्हणता आणि मग ती बघायली म्हणून देता.”

“आता नाही द्यायचो, बाई. तिच्या पोटाचं मला कळत नाही का?”

पण माझा विश्वास बसला नाही. पुड्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. भात मी स्वतः शिजवायची, गार झाला का ते बोट घालून बघायची. पिंजऱ्याच्या दारावर मी मोठ्या अक्षरात पाटी लावली: ‘काहीही खायला घालू नये.’ तरी माणसं ऐकतील तर शपथ. मोटार विभागाचा ड्रायव्हर जाताजाता पोळीचा तुकडा टाकायचा. लोमटे साहेबांची मिसेस एकदा आली आणि म्हणाली, “अय्या, किती वाळलीय हो. हिला तूप द्या थोडं.” सफाईवाल्या काकूंनी डाळिंबाच्या सालीचा काढा सुचवला. मुख्यालयातल्या प्रत्येकाला रेवाच्या पोटावरचा इलाज ठाऊक होता, फक्त गप्प बसणं कुणाला ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांवर खेकसायचे. मागून लोक माझ्या आडनावावर कोट्या करायचे, तिडके म्हणूनच हिला एवढी तिडीक, असं. ऐकून आणखी चिडायचे.

चौथ्या दिवशी रेवाचं पोट फुगलं, दिवसभर गुडगुडत राहिलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “सांगितलं होतं ना? ठेवा फोन.” आठव्या दिवशी थोडं आटोक्यात आलं. नवव्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला रेवानं जे केलं ते पाहून मी आणि मामा दोघंही आनंदानं एकमेकांकडे बघत राहिलो. असल्या गोष्टीचा असा आनंद होतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही.

आणि अकराव्या दिवशी पुन्हा पाणी.

ती सोळा तारीख होती. मंडळ यायला बारा दिवस. त्याच दुपारी लोमटे साहेबांनी बोलावून विचारलं, “काय, झालं का बरं?” मी हो म्हणून बसले. परत आले तर रेवा पाण्याच्या भांड्यापाशी मान खाली घालून उभी. बरगड्या मोजता येत होत्या. फोन करून काझी डॉक्टरांची बोलणी खायची माझी तयारी नव्हती. ते काय म्हणणार हे मला माहीत होतं. थांबा म्हणणार.

कपाटात मागच्या वेळच्या पिवळ्या गोळ्या उरलेल्या होत्या. मी म्हटलं, दोनच दिवस. एवढं थांबलं की पुड्या आपलं काम करतील. कोंबडीच्या तुकड्यात गोळी दाबून मी रेवाला दिली. तिनं माझ्या हातून काहीही खाल्लं असतं.

अठरा तारखेला रेवा ठणठणीत. मी गोळ्या बंद केल्या. वीस तारखेला पुन्हा बिघडलं. मी पुन्हा सुरू केल्या. सकाळी सगळ्यांसमोर पुडी, दुपारी मामा जेवायला गेले की गोळी. मला त्यात काही चूक वाटतच नव्हती, हे आज सांगायला लाज वाटते. उलट मला वाटायचं, माझ्या गोळ्यांनी ही सावरतेय आणि कुणीतरी मागून काहीतरी घालून ते बिघडवतंय. कुणीतरी म्हणजे कोण, ह्याबद्दल मला शंका नव्हती.

बावीस तारखेला सकाळी मामा रेवाच्या पिंजऱ्यात उकिडवे बसले होते. तिच्या कानामागे खाजवत होते आणि त्यांचं तोंड हलत होतं. शर्टावर बिस्किटाचा चुरा.

“मामा!”

ते दचकले. “अगं, मी खायलोय. मला गरगरायला लागलं. शुगर कमी झाली की हात कापतात माझे.”

“तुम्हाला शुगर आहे? कधी बोलला नाहीत ते.”

“बोललो तर कुत्र्यामागं पळायला ठेवतील का मला?”

“खोटं बोलू नका, मामा. सतरा दिवस मी मरमर मरतेय. भात शिजवतेय, पाट्या लावतेय. आणि तुम्ही पिंजऱ्यात बसून तिला बिस्किटं चारता!”

“तिला नाही दिलं. तिची शपथ.”

“तिला कशाला मध्ये आणता?”

चारही पिंजऱ्यांतली कुत्री भुंकायला लागली. ड्रायव्हर आला, सफाईवाल्या काकू आल्या. मी त्या सगळ्यांसमोर मामांच्या खिशात हात घातला आणि पुडा बाहेर काढला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. पुडा मी जमिनीवर आपटला आणि तडक लोमटे साहेबांकडे गेले.

साहेबांनी लेखी मागितलं. मी लिहून दिलं: हवालदार खरात ह्यांनी सूचना देऊनही श्वानास वारंवार निषिद्ध खाद्य दिल्यामुळे उपचार निष्फळ ठरत आहेत. वाक्य मोठं झोकात जमलं होतं. साहेबांनी मामांना बोलावून विचारलं. मामा म्हणाले, “साहेब, मला काही म्हणायचं नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांची पथकातून बदली झाली. ट्रेझरी गार्डला. दिवसभर एका कुलूपबंद दारासमोर बंदूक घेऊन बसायचं.

मामा गेले, ड्रायव्हरनं पोळी टाकणं बंद केलं, सगळं माझ्या मनासारखं झालं. आणि पंचवीस तारखेला रेवानं खाणंच सोडलं.

काझी डॉक्टर स्वतः आले. तिला आडवी घेतली, पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या, सलाईन लावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “काहीतरी जुळत नाही. पुड्या रोज दिल्यात?”

“रोज.”

“गार खाण्यात?”

“हो.”

“आणि दुसरं काही? गोळी वगैरे?”

“नाही,” मी म्हणाले.

ते बराच वेळ रेवाच्या पोटावर हात ठेवून बसले. “मग माझंच काहीतरी चुकतंय,” ते म्हणाले. स्वतःवर चिडलेला तो माणूस बॅग उचलून गेला. म्हणाला, घरी जाऊन पुस्तकं बघतो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मामा आले. अंगावर गार्डचा पट्टा, पाय धुळीनं भरलेले. पिंजऱ्याच्या किल्लीचा त्यांच्याकडचा जोड परत करायचा राहिला होता. किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. मग खिशातून वर्तमानपत्राची एक घडी काढली आणि तीही ठेवली.

“हे काय?”

“उघड.”

आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. दोन. पिवळ्या गोळ्यांची.

“मागच्या नालीत सापडली,” मामा म्हणाले. “एक अठराला. दुसरं एकवीसला. साहेब राउंडला आले म्हणजे त्या नालीत डोकावतात, तुला माहीत नाही. मी काढून ठेवली.”

मी घडी परत मिटली.

“म्हणजे... बावीस तारखेला, मी जेव्हा तुमच्या खिशात...”

“दुसऱ्या खिशात होती.”

“मग बोलला का नाहीत? साहेबांनी विचारलं तेव्हा?”

मामांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या वेळी पाहिलं. “अक्कल आहे का तुला? मी बोललो असतो तर तुला हलवलं असतं. मी दोन वर्षांनी घरी बसणार. नंतर हिला कोण? नवा माणूस आला की कुत्रं वर्षभर खुळ्यासारखं करतं. हिचं तर पोटही जाग्यावर नाही. म्हणून म्हणलं, जाऊ द्या, मी जातो. वाटलं, आता तरी ही पोरगी शहाणी होईल.” त्यांनी सलाईनच्या बाटलीकडे बोट केलं. “झालीस का?”

ते रेवाजवळ गेले नाहीत. दारातूनच एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गेले.

मी तिथंच जमिनीवर बसले. रेवानं शेपटी हलवायचा प्रयत्न केला, ती नीट हलली नाही. मी उठले. आधी काझी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं.

“तिडकेबाई,” ते म्हणाले, “रोज सकाळी मी पाठवलेले दुकानदार तुम्ही गल्लीत बसवत होता. रोज दुपारी त्यांना झोडपत होता. आणि मला विचारत होता, दुकानं का उघडत नाहीत.”

“हो.”

“मी आत्ता दोन तास पुस्तकं उलटतोय.”

“मला माफ करा, डॉक्टर.”

“मला काय करायचीय तुमची माफी? जुलाब माझे नाहीत.”

मग लोमटे साहेबांकडे गेले. ते घरी निघाले होते, गाडीत एक पाय होता. मी म्हटलं, “साहेब, गोळ्या मी देत होते. मामांनी काही दिलं नव्हतं. माझा अहवाल खोटा आहे.”

त्यांनी पाय गाडीतून बाहेर काढला. कपाळाला हात लावला. “तो वर गेला. त्याच्यावर सही झाली. त्याच्यावर एका माणसाची बदली झाली. आता मी वर काय लिहू? तिडके मॅडमना आज संध्याकाळी खरं बोलावंसं वाटलं?”

“तसंच लिहा, साहेब.”

सव्वीसला सकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. साहेब, काझी डॉक्टर आणि मी. डॉक्टरांनी मंडळासाठी एक पत्र लिहून आणलं होतं: श्वानास मूळ आजार नाही, चुकीच्या औषधोपचारामुळे आतड्यातील जंतूंचा समतोल बिघडला आहे, दोन महिन्यांची मुदत द्यावी. ‘चुकीच्या’ ह्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती.

“मुदत मिळेल,” साहेब म्हणाले. “पण ह्या दोन महिन्यांत पुड्या द्यायच्या कुणी?”

“ज्याला काही न करता बसता येतं अशा माणसानं,” डॉक्टर म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं होतं साहेब तोंडसुख घेतील, हाकलून देतील, मग मी रडेन, विनवण्या करेन. तसं काही झालं नाही. मलाच बोलावं लागलं.

“खरात मामांना परत बोलवा,” मी म्हणाले. “मला काढा.”

“दोन महिन्यांसाठी?”

“कायमचं. नवा हँडलर त्यांच्या हाताखाली आत्तापासूनच द्या, साहेब. म्हणजे मामा जातील तेव्हा तो तिच्या सवयीचा झालेला असेल. सारखी माणसं बदलली तर तिला त्रास होईल.”

साहेबांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. मग घंटी वाजवून कारकुनाला बोलावलं.

माझी वेतनवाढ थांबली, वाहतूक शाखेत बदली झाली. चाचणीला आलेल्या मंडळानं मुदत दिली. मामा पिंजऱ्यावर परत आले ते खिशातल्या बिस्किटांचा पुडा सगळ्यांना दाखवून, शुगरचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवूनच. नवा हँडलर म्हणून गुट्टे नावाचा शांत मुलगा आला. रोज सकाळी एक पुडी, गार भात, भोपळा. हे मला सफाईवाल्या काकूंकडून कळायचं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा बिघडलं होतं म्हणे. मामांनी काही केलं नाही. सावली बघून रेवाला बसवलं, पाणी दिलं आणि तिच्याशेजारी पेपर वाचत बसले. दोन दिवसांत आपोआप जाग्यावर आलं. पाचव्या आठवड्यात तिच्या अंगावर मांस दिसायला लागलं, केसांवर तकाकी आली. मंडळ परत आलं तेव्हा तिनं सात बॅगांतली बरोबर बॅग ओळखली, पहिल्या फेरीत.

मी त्या दोन महिन्यांत एकदाही पिंजऱ्याकडे गेले नाही. वाट वाकडी करून जायचे. मामांना भेटून माफी मागितली होती ती ते परत यायच्या आधीच, ट्रेझरीसमोर, उन्हात. ते म्हणाले, “पाणी पी आधी.”

पुढच्या माघात गावाबाहेरच्या देवीची जत्रा होती. मी रस्त्यावर ड्यूटीला होते. मंत्र्यांची गाडी यायची होती, म्हणून बॅरिकेडपासून मंडपापर्यंत तपासणी चालू होती. दुपारचे बारा. फुगेवाले, रसवंतीची घंटी, लाउडस्पीकर. आणि त्या सगळ्यातून रेवा आली. पुढे ती, मागे दोरी धरून गुट्टे, त्याच्यामागे मामा. तिचं अंग भरलं होतं. नाक जमिनीला, कान मागे, चाल सरळ. कामावर असलेली रेवा. मी तिला नऊ महिने तसं चालायला शिकवलं होतं.

कामावरच्या कुत्र्याला हाक मारायची नसते. नजरही द्यायची नसते. माझ्या शेजारी माझी पिशवी ठेवलेली होती, त्यात डबा आणि पाण्याची बाटली. रेवा पिशवीपाशी आली. हुंगली. मग तिचं नाक माझ्या बुटांवर आलं आणि तिथं थांबलं. एक क्षण, दोन क्षण. तिनं मान वर केली. शेपटीचं टोक हललं.

माझे हात अंगाला चिकटलेले होते. मी समोर, रसवंतीच्या फिरत्या चाकाकडे बघत राहिले.

“चल, रेवा, पुढं,” मामा मागून हळूच म्हणाले.

ती गेली. मंडपाच्या दिशेनं, एकेक खांब हुंगत. मी वळून पाहिलं नाही. एक टेम्पो चुकीच्या बाजूनं घुसत होता, मी शिट्टी वाजवली आणि त्याला मागे घ्यायला लावलं.